मेण निघालं, रंग राहिला

रात्री बाराच्या ठोक्याला सोसायटीच्या आवारात बॉनेटवर केक ठेवून वाढदिवस साजरा करायची पद्धत आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली आहे. केक संपतो, मेणबत्त्यांचं लाल-निळं मेण बॉनेटवर राहतं. दिवाळीत वरच्या गॅलरीच्या कठड्यावर लावलेल्या मेणबत्त्या खाली लावलेल्या गाड्यांवर ठिबकतात. घरातली लहान मुलं मेणाचे खडू घेऊन दारावर चित्रं काढतात. गाडी पांढरी असली की सकाळी सल्ल्यांना तोटा नसतो. रॉकेल लाव, उकळतं पाणी ओत, ब्लेडनं खरवड, उन्हात उभी कर.

हे सल्ले बहुतेक एकाच ठिकाणी चुकतात. डाग एक दिसत असला तरी त्यात वस्तू दोन असतात, मेण आणि त्यातला रंग. पूर्वी बायका कपाळाला आधी मेण लावून त्यावर पिंजर टेकवत. धरून ठेवायचं काम मेणाचं, दिसायचं काम पिंजरीचं. गाडीवरही तीच जोडी असते. मेण ज्यात विरघळतं त्यात रंग सुटा होतो आणि पसरतो. रंग ज्यानं निघतो त्याला मेण दाद देत नाही. दोघांना एकाच फटक्यात काढायला जाणारा माणूस टिकलीएवढ्या ठिपक्याचा तळहाताएवढा गुलाबी पट्टा करून बसतो.

‘उन्हात ठेवा, आपोआप वितळून जाईल’

वितळतं, पण जात नाही. मेणबत्तीचं पॅराफिन साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. वैशाखात उघड्यावर उभ्या गाडीचा पत्रा हवेपेक्षा बराच जास्त तापतो. पांढरा पत्रा काळ्यापेक्षा थंड राहतो खरा, पण मेण मऊ पडायला तेवढी उष्णता पुरते. मऊ मेण पसरतं, त्यावर धूळ बसते आणि त्यातला रंग खालच्या थरात शिरायला मोकळा होतो. उकळतं पाणी हेच काम मिनिटभरात करतं. कारखान्यात भाजलेला रंग तेवढ्या पाण्यानं उतरत नाही, त्यामुळे ओतणाऱ्याला वाटतं काही बिघडलं नाही. पण वितळलेलं रंगीत मेण दाराच्या फटीत, लोगोच्या कडेला आणि रबराच्या पट्टीखाली जाऊन थंड होतं, आणि तिथून ते काढणं बॉनेटपेक्षा कितीतरी अवघड.

करायचं ते याच्या अगदी उलट. गाडी सावलीत, इंजिन पूर्ण थंड. आधी आजूबाजूची धूळ पाण्यानं धुऊन घ्यायची. बर्फाचे खडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवी मेणावर टेकवून ठेवायची. थोड्या वेळानं मेणाचा तुकतुकीतपणा जातो, ते मळकट, खडूसारखं दिसायला लागतं आणि काठ किंचित उचलतात. तेवढ्यात जुन्या प्लॅस्टिक कार्डाला मऊ फडकं गुंडाळून बाजूनं हलकेच ढकललं, की बारीक ‘टक्’ आवाज होऊन पापुद्रा निघून येतो. रंगाचा मोठा भाग त्या पापुद्र्यात कोंडलेलाच बाहेर जातो. मागे उरते ती फक्त पातळ, तेलकट चकती. काच तापलेली असेल तर मात्र तिच्यावर बर्फ टेकवू नका. अचानक गार पडल्यानं ती तडकू शकते.

‘नखानं खरवडायला काय होतंय’

गाडीच्या दाराच्या हँडलमागची वाटी एकदा उजेडात नीट बघा. वाहनाला दोन-तीन वर्षं झाली असतील तर तिथे अर्धचंद्राकार ओरखड्यांची जाळीच दिसेल. त्या सगळ्या नखांच्या आणि अंगठ्यांच्या खुणा आहेत, दार उघडताना सहज लागलेल्या. ब्लेड, सुरी, किल्ली यांच्याबद्दल मग वेगळं सांगायला नको. पण खरा शत्रू त्यांच्यापेक्षा साधा आहे. मेणाला चिकटलेल्या धुळीत वाळूचे कण असतात, आणि वाळू गाडीच्या रंगापेक्षा कितीतरी कठीण. एकच फडकं आणि एकच बादली घेऊन सकाळी सहाला दहा गाड्या पुसणाऱ्या माणसाला ‘जरा जोर लावून पूस’ म्हणणं म्हणजे पॉलिश पेपर हातात देण्यासारखंच.

‘पांढऱ्या गाडीला डाग जास्त लागतो’

लागत नाही, दिसतो. पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइडचे कण असतात आणि ते पडलेला बहुतेक प्रकाश परतवून लावतात. वर रंगाचा अगदी पातळ थर असला तरी प्रकाश आत जाताना एकदा आणि परत येताना पुन्हा एकदा त्यातून जातो, म्हणून फिकट गुलाबी छटासुद्धा ठसठशीत उठून दिसते. तोच थर काळ्या गाडीवर असेल तर मालकाला पत्ताही लागत नाही. डागाच्या दिसण्यावरून तो किती खोल गेला याचा अंदाज बांधता येत नाही, हे कळलं तरी निम्मी घबराट कमी होते.

‘रॉकेल सगळ्यावर औषध’

हा सल्ला पुरता चुकीचा नाही, म्हणूनच तो टिकून आहे. पॅराफिन आणि रॉकेल दोन्ही खनिज तेलातून निघालेले सख्खे भाऊ; एक दुसऱ्यात सहज विरघळतो. कारखान्यातल्या घट्ट भाजलेल्या रंगाला रॉकेलचा थोडा वेळ झालेला स्पर्श सोसतोही. घोटाळा वापरण्यात होतो. ठिपका तसाच असताना रॉकेलचा बोळा फिरवला, की मेण विरघळतं आणि आत कोंडलेला रंग रॉकेलबरोबर चहूकडे जातो. वर तेलकट थर राहतो तो वेगळाच, आणि रबराच्या पट्ट्यांना ते मानवत नाही.

म्हणून आधी बर्फ, मग द्रावण. उरलेल्या चकतीसाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाइन किंवा गाडीचं डांबर काढायचा स्प्रे बरा. द्रावण थेट पत्र्यावर न ओतता मायक्रोफायबरच्या फडक्यावर घ्यायचं, डागावर क्षणभर टेकवायचं आणि बाहेरून आत पुसायचं. प्रत्येक पुसण्याला फडक्याची नवी घडी. फडक्यावर गुलाबी उमटत असेल तर काम बरोबर चाललंय. शेवटी गाडीच्या शाम्पूनं धुऊन टाकायचं.

थिनर मात्र या यादीत बसत नाही. रंगाऱ्याकडच्या थिनरमध्ये टोल्युइन, ॲसिटोनसारखी तीव्र द्रावणं असू शकतात. मूळ रंग एखादवेळेस तगेल, पण एखादा दरवाजा कधीतरी बाहेर रंगवून घेतलेला असेल, आणि जुनी गाडी विकत घेतलेल्यांना हे बहुतेक वेळा ठाऊकच नसतं, तर तो भाग मऊ पडून फडक्यावर येऊ शकतो. पेट्रोलचं तर नावही नको. त्याची वाफ शून्याखाली चाळीस अंशांवरसुद्धा पेट घेण्याइतकी सुटते. बंद पार्किंगमध्ये, शेजारी दिवे लागलेले असताना पेट्रोलनं मेण पुसायची कल्पना ज्याच्या डोक्यात येते त्याच्यापासून गाडी नव्हे, माणसं लांब ठेवावीत.

‘सॅनिटायझरनं काहीही निघतं’

करोनाच्या काळात घरोघरी साठलेल्या बाटल्यांमुळे हा समज वाढला. अल्कोहोलमध्ये पॅराफिन जवळजवळ विरघळत नाही, म्हणजे मेण असेपर्यंत सॅनिटायझर चोळणं वाया. पण मेण पूर्ण गेल्यावर हेच अल्कोहोल कामाचं ठरतं, कारण मेणबत्तीतले तेलात विरघळणारे बरेच रंग त्यात थोडेफार सुटतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मंनिम्मं करून फडक्यावर घ्यावं. जेल सॅनिटायझर नको, त्यातले घट्ट करणारे आणि त्वचेसाठीचे घटक पत्र्यावर चिकट थर ठेवतात. भांडी घासायच्या साबणाचंही तेच. मेणाला तो हलवत नाही, गाडीवरचं संरक्षक वॅक्स मात्र कमी करतो.

मेणाच्या खडूंचं प्रकरण तुलनेनं सोपं. त्यांत रंग विरघळलेला नसतो, घन कणांच्या रूपात असतो. कण मेणाबरोबर उचलले जातात, मुरत नाहीत. मुलांना रागावण्याआधी हे लक्षात असू द्यावं.

‘रंग बॉडीत मुरला, आता पेंटच’

आजच्या बहुतेक गाड्यांवर पत्र्याच्या वर गंजरोधक थर, प्रायमर, मूळ रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सगळं मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे एखाद-दोन केसांच्या जाडीएवढं. त्यात क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. मेणाचा रंग बहुतेक वेळा क्लिअर कोटवरच्या जुन्या पॉलिशच्या थरात नाहीतर बारीक ओरखड्यांच्या तळाशी बसलेला असतो. खालच्या पांढऱ्यापर्यंत तो क्वचितच जातो. अल्कोहोलनंतरही छटा उरली तर बारीक दाण्याचं फिनिशिंग पॉलिश हातानं लावून ती उतरते आणि त्यात एखाद-दुसरा मायक्रॉन खर्ची पडतो. अगदी पुसट छटा तर तशीच सोडली तरी चालतं: मेणबत्त्यांत वापरलेले रंग उन्हात टिकणारे नसतात, काही आठवड्यांत फिके पडत जातात. उष्णतेनं मेण मऊ करणारं ऊन वैरी, आणि मेण गेल्यावर तेच ऊन मदतीला, असा हा उलटा हिशेब.

काही साध्या पांढऱ्या गाड्यांवर, विशेषतः जुन्या आणि व्यापारी वाहनांवर, वेगळा क्लिअर कोट नसतोच. पॉलिश करताना फडक्यावर पांढरं आलं तर ओळखावं की थेट रंगच घासला जातोय, आणि हात आवरावा.

‘रबिंग करून देतो, एकदम नवी’ म्हणणाऱ्याकडे गाडी सोडताना हेच गणित आठवावं. रबिंग कंपाउंड आणि वेगानं फिरणारं मशीन एका बैठकीत कितीतरी मायक्रॉन खाऊ शकतं, आणि पत्र्याच्या कडांवर तर क्लिअर कोट संपायला वेळ लागत नाही. टूथपेस्ट हे त्याचंच घरगुती भावंड. घासायचे कण तिच्यातही असतात, फक्त ते दातांसाठी ठरवलेले.

‘वॅक्स ते वॅक्स, कुठल्याही गाडीला चालतं’

बाजारात रंगीत वॅक्सही मिळतात, काळ्या, निळ्या, लाल गाड्यांसाठी. त्यांतले रंगकण ओरखड्यांत बसून ओरखडे झाकतात. गडद गाडीवर हेच हवं असतं. पांढऱ्या गाडीवर तेच कण प्रत्येक ओरखडा करड्या रेघेनं दाखवून देतात. डबा वाचून घेतला की प्रश्न मिटतो.

याच्या उलट, साध्या पिवळसर वॅक्सबद्दलची भीती निराधार. कार्नोबा वॅक्स ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून काढतात, डब्यात ते पिवळट दिसतं, आणि म्हणून पांढऱ्या गाडीचे मालक ते टाळतात. पुसून घेतल्यावर गाडीवर उरणारा थर इतका पातळ असतो की त्याचा पिवळेपणा डोळ्याला दिसूच शकत नाही. पांढरी गाडी पिवळट दिसते ती बहुधा फटींत साचलेल्या जुन्या पॉलिशमुळे, किंवा रेल्वे रुळ आणि कारखान्यांजवळ बसणाऱ्या लोखंडी धुळीमुळे.

एका ठिकाणी मात्र घाबरणं रास्त आहे. पारदर्शक संरक्षक फिल्म किंवा विनाइलचं आवरण लावलेल्या गाडीवर मेण सांडलं तर मालक निश्चिंत असतो, रंग तर खाली सुरक्षित आहे म्हणून. पण हे मऊ प्लॅस्टिक कडक क्लिअर कोटपेक्षा तेलकट रंग लवकर शोषतं. तिथे थांबू नये. बंपरखालच्या काळ्या खरखरीत प्लॅस्टिकचंही तसंच.

एवढं करूनही डाग हटला नाही, तर कोणीतरी हमखास सांगतो, ‘विम्यातून रंगवून घे.’ एका पॅनलसाठी क्लेम केला की सक्तीची वजावट, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये आणि त्याहून मोठ्या गाडीला २००० रुपये, खिशातून जाते. शिवाय नो क्लेम बोनसही जातो. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत पोचलेला असतो. त्यापेक्षा चांगल्या डिटेलिंगवाल्याकडे जाऊन आधी रंगाची जाडी मोजून मागावी. त्यासाठी हातात मावेल एवढा गेज असतो, पत्र्याला टेकवला की आकडा दाखवतो. आकडा शंभरच्या आसपास असेल तर मूळ रंग आहे आणि हलकं पॉलिश झेपेल. दोनशेच्या वर गेला तर तो भाग आधी कधीतरी रंगवलेला आहे, तिथे टर्पेंटाइनसुद्धा आधी कोपऱ्यात लावून बघावं. आणि गेज नसलेल्या माणसानं मशीन हातात घेतलं, तर गाडी परत घेऊन यावी.