ॲक्रोकोरिंथ : एक किल्ला, अनेक राजवटी

ग्रीसच्या मुख्य भूमीला पेलोपोनीज द्वीपकल्पाशी जोडणारी कोरिंथची संयोगभूमी जेमतेम सहा किलोमीटर रुंद आहे. तिच्या नैर्ऋत्येला, प्राचीन कोरिंथ नगरीच्या माथ्यावर, सुमारे ५७५ मीटर उंचीचा एक एकाकी डोंगर उभा आहे. तोच ॲक्रोकोरिंथ, म्हणजे कोरिंथचा बालेकिल्ला. हा डोंगर ज्याच्या हाती, त्याच्या हाती दक्षिण ग्रीसची किल्ली, हे समीकरण दोन हजार वर्षे टिकले. म्हणूनच मॅसिडोनियाच्या राजांनी येथे शिबंदी ठेवली आणि इ.स.पू. २४३ मध्ये सिसिऑनच्या अराटसने रात्रीचा छापा घालून तो हिसकावून घेतला. इ.स.पू. १४६ मध्ये रोमनांनी कोरिंथ उद्ध्वस्त केले. मात्र सुमारे शतकभराने, इ.स.पू. ४४ मध्ये, ज्युलियस सीझरने ते पुन्हा वसविले.

पुढे बायझंटाइन साम्राज्याने तटबंदी उभारली, ती बहुतांशी प्राचीन पायावरच. १२१० मध्ये दीर्घ वेढ्यानंतर किल्ला फ्रँक सरदारांकडे गेला, १४५८ मध्ये ऑटोमन तुर्कांकडे. १६८७ ते १७१५ या काळात तेथे व्हेनिसचा अंमल होता. त्यानंतर ग्रीक स्वातंत्र्ययुद्धापर्यंत पुन्हा तुर्कांचा.

पश्चिमेकडून चढताना एकामागून एक तीन दरवाजे लागतात. तिसऱ्या दरवाजाशेजारच्या बुरुजात इ.स.पू. चौथ्या शतकातील प्रचंड चिरे आजही दिसतात. आत चर्च आहे, मशीद आहे, आणि इतक्या उंचीवरही पाणी पुरविणारा ‘वरचा पिरीनी’ झरा आहे. हे पाणी होते म्हणूनच येथील शिबंदी दीर्घ वेढे सोसू शकली. सर्वोच्च शिखरावर एकेकाळी ॲफ्रोडाइटी देवीचे मंदिर होते. त्याच जागी पुढे चर्च आणि नंतर मशीद उभी राहिली.

अशा वास्तूतील कोणता थर जपायचा, हा प्रश्न केवळ विद्वानांचा नाही. अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवर ‘अभिजात’ काळ तेवढा राखण्याच्या आग्रहापोटी १८७५ मध्ये मध्ययुगीन फ्रँक मनोरा पाडण्यात आला. तो पुन्हा उभा राहणार नाही. ॲक्रोकोरिंथवर मात्र सर्व थर शेजारी शेजारी नांदत आहेत. एखादाच कालखंड खरा मानून बाकीचे पुसले, तर इतिहास शुद्ध होत नाही, अपुरा होतो. ही जाणीव हा किल्ला करून देतो.