लहान झालेल्या पोटाशी जुळवून घेताना

वजन कमी करण्यासाठी सध्या सर्वाधिक केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रिया दोन: स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी आणि गॅस्ट्रिक बायपास. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी अरुंद नळी मागे ठेवतात. भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागातच तयार होत असल्यामुळे पहिले काही महिने भूकच मंदावते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटर मावेल एवढी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. उरलेले जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग यांना अन्नाचा स्पर्शच होत नाही. पुढच्या बऱ्याच तक्रारी आणि पथ्ये या बदललेल्या वाटेतून येतात.

दोन्ही शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होत असल्याने पोटावर चार-पाच छोटे छेदच असतात आणि बहुतेक रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जातात. पायांतल्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उठवून चालवले जाते. घरी गेल्यावर दुखण्यापेक्षा नाडीकडे लक्ष हवे. नाडी सतत जलद चालणे, ताप, वाढत जाणारी पोटदुखी, धाप ही जठराची शिवण गळत असल्याची किंवा फुप्फुसात गुठळी गेल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते. बसून करायच्या कामावर दोन-तीन आठवड्यांत परतता येते. जड वजन उचलणे मात्र महिना-दीड महिना बंद.

आहार टप्प्याटप्प्याने वाढतो. पहिले दोन आठवडे सगळे पातळ: वरणाचे पाणी, मुगाचे गाळलेले कढण, ताक, प्रथिनांची पावडर घातलेले दूध. मग घोटलेले, मग मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे जेवण. तेही लहान वाटीत. घास बारीक चावून गिळायचा आणि पाणी जेवताना नव्हे, तर अर्ध्या तासाच्या अंतराने घोट-घोट प्यायचे. तांब्याभर पाणी एका दमात रिचवण्याची सवय इथे सोडावीच लागते, तरी दिवसभरात दीड ते दोन लिटर पोटात जायला हवे. कित्येकांना पहिल्या महिन्यात हाच हिशेब सर्वांत जड जातो. घाईने गिळलेली मऊ पोळी किंवा भाताचा गोळाही छातीत अडकल्यासारखा वाटतो आणि उलटी होते.

दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने लागतात, आणि मराठी शाकाहारी ताटात ती जमवणे सोपे नाही. वाटीभर घट्ट वरणातून सात-आठ ग्रॅम मिळाले तरी पुष्कळ. म्हणून ताटातला क्रम उलटतो: आधी पनीर, उसळ, अंडे किंवा मासळी, मग भाजी आणि जागा उरलीच तर भाकरी. साबुदाण्याच्या खिचडीचा उपास या हिशेबात अजिबात बसत नाही, कारण साबुदाण्यात जवळजवळ सगळा स्टार्चच असतो.

गोडाची अडचण निराळी. बायपासनंतर जिलेबी किंवा श्रीखंडासारखा पदार्थ झपाट्याने लहान आतड्यात उतरतो आणि अर्ध्या तासात धडधड, घाम, पोटात कळा, जुलाब सुरू होतात. याला डम्पिंग म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातील साखर उतरून भोवळ येते. हा त्रास जीवघेणा क्वचितच असतो, पण पंगतीत आग्रहाने वाढणाऱ्या मंडळींना तो समजावताना रुग्णाची दमछाक होते.

जीवनसत्त्वांच्या गोळ्या आयुष्यभराच्या असतात, आणि नेमक्या याच ठिकाणी माणसे ढिलाई करतात. वजन उतरलेले दिसते, बरे वाटते, गोळ्या सुटतात. शरीरातला बी-१२ चा साठा बराच काळ पुरत असल्यामुळे कमतरता उशिरा उघड होते, तोवर हातापायांना मुंग्या येऊ लागलेल्या असतात. शाकाहारी व्यक्तीचा साठा मुळातच तोकडा असतो. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेतले तर लोहाचे शोषण घटते, म्हणून दोहोंत किमान दोन तासांचे अंतर ठेवतात. लोहाच्या गोळीवर लगेच चहाही नको. उलट्या सतत होत असतील तर थायामिन कमी पडून मेंदूला इजा होऊ शकते. ही स्थिती तातडीची समजली जाते.

इतर औषधांचेही गणित बदलते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन काही दिवसांतच कमी करावे लागते, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी आणि तंबाखूच्या धुराने, विशेषतः बायपासच्या जोडाजवळ, व्रण होतो. दारू पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त चढते. गर्भधारणा १२ ते १८ महिने लांबवण्याचा सल्ला देतात, आणि बायपासनंतर पोटातून घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नये असे सांगतात.

तिसऱ्या महिन्याच्या सुमारास कंगव्यात केसांचे पुंजके दिसू लागतात. झपाट्याने वजन उतरल्याचा हा परिणाम असून प्रथिने आणि लोह पुरेसे असल्यास काही महिन्यांत केस परत येतात. पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही याच काळात वाढतो, म्हणून पहिले सहा महिने त्यासाठी औषध देण्याची पद्धत आहे. लोंबणारी त्वचा मात्र व्यायामाने आवळत नाही. घडीत चट्टे उठून त्रास होत असेल, तर वजन स्थिरावल्यावर प्लास्टिक सर्जरीचा विचार होतो.

वजनाची घट साधारण दीड वर्षात थांबते आणि त्यानंतर थोडे वजन परत येणे नेहमीचे आहे. भूक हळूहळू परतते, घासांचा आकार वाढतो. शिवाय आइस्क्रीम, चिवडा, गोड सरबत असे पदार्थ लहान जठरातूनही अडखळत नाहीत. वाढ जास्त झाली तर आहारतज्ज्ञ आधी खाण्याची नोंदवही मागतात. मग गरजेनुसार एंडोस्कोपीने जठर तपासले जाते आणि भूक कमी करणारी औषधे किंवा क्वचित दुसरी शस्त्रक्रिया सुचवली जाते.