मोठा थेंब लहानाला गिळतो तेव्हा

‘बॉम्बे’ रक्तगटाचे नाव तुम्ही ऐकले असेल. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मुंबईत प्रथम ओळखला. या गटाच्या रुग्णाला ‘ओ’ गटाचे रक्तही चालत नाही. त्याच दुर्मिळ गटाचा दाता शोधावा लागतो. मग ज्याला गटच नाही, असा प्राणवायू वाहणारा द्रव बनवता येईल काय?

रॉकेलसारख्या हायड्रोकार्बनच्या रेणूत हायड्रोजनच्या जागी फ्ल्युओरीन बसवला, की फ्ल्युओरोकार्बन मिळतो. त्यात प्राणवायू भरपूर विरघळतो. १९६६ साली अमेरिकेत क्लार्क व गोलन यांनी अशा द्रवात उंदीर बुडवले, तर ते त्यातच श्वास घेत जिवंत राहिले! परंतु हा द्रव पाण्यात मिसळत नाही. तसाच शिरेत सोडला तर रक्तप्रवाह अडेल. म्हणून त्याचे सुमारे ०.२ मायक्रॉन व्यासाचे थेंब पाण्यात पसरवतात. अशा मिश्रणाला पायस म्हणतात. दूध हेही पायसच.

खरी अडचण पुढेच आहे. पृष्ठताणामुळे थेंबाच्या आत जादा दाब असतो. त्रिज्या निम्मी झाली, की हा दाब दुप्पट होतो. त्यामुळे लहान थेंबांतले रेणू पाण्यात सुटतात व मोठ्या थेंबांत जाऊन बसतात. थेंब एकमेकांना न भिडताही लहान नाहीसे होतात आणि मोठे फुगतात.

याला आवर घालतो पायसीकारक. साबणाप्रमाणे त्याच्या रेणूचे डोके पाण्याकडे, तर शेपूट थेंबाकडे असते. त्यामुळे पृष्ठताण घटतो व दाबही उतरतो. पण नेहमीचे शेपूट हायड्रोकार्बनचे; त्याचे फ्ल्युओरोकार्बनशी जमत नाही. जपानमध्ये तयार झालेल्या ‘फ्ल्युओसोल’मध्ये ‘प्लुरॉनिक’ हा मुख्य पायसीकारक होता. ते पायस गोठवून ठेवावे लागे आणि वितळवल्यावर काही तासांतच वापरावे लागे. १९८९ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. १९९४ साली त्याचे उत्पादन थांबले.

पुढे अंड्याच्या बलकातले, दोन शेपटांचे लेसिथिन वापरात आले. फ्रान्समधील जाँ रीस यांनी तर अर्धे हायड्रोकार्बन व अर्धे फ्ल्युओरोकार्बन असलेले रेणू त्याच्या जोडीला घातले. एक टोक लेसिथिनच्या शेपटांत, दुसरे थेंबात; जणू दोन फळ्या जोडणारी खुंटीच! अशी पायसे न गोठवताही दीर्घकाळ टिकली.

तरीही रक्ताची जागा पूर्णपणे घेईल असे पायस अजून साधलेले नाही. दुर्मिळ गटाच्या रुग्णाला आजही आधार आहे तो रक्तदात्याचाच.