डबा अर्धा परत येतो, वजन मात्र हलत नाही

डोंबिवलीहून आठच्या सुमारास लोकल धरणारी आणि फोर्टमधल्या ऑफिसात दिवसभर खुर्चीवर बसणारी पस्तिशीची एक बाई डोळ्यांपुढे आणा. उंची १५८ सेंटिमीटर, वजन ६८ किलो, दहा किलो उतरवायचा निश्चय. सकाळी धावपळीत चहा आणि दोन मारी बिस्किटं. दुपारी डबा उघडते, एक पोळी आणि थोडी भाजी खाते, उरलेला डबा तसाच बंद करते. चारला पुन्हा चहा. संध्याकाळी सातपर्यंत तिच्या पोटात जेमतेम चारशे कॅलरी गेलेल्या असतात, आणि आजचा दिवस चांगला पाळला असं तिला मनापासून वाटतं.

मग स्टेशनबाहेर वडापाव. घरी आल्यावर कुकर लावता लावता डब्यातलं फरसाण दोन-तीन मुठी. साडेनऊला जेवण, तेव्हा तीन पोळ्या, भाजी, आमटी, वर वाटीभर भात. वडापावाच्या पावणेतीनशे, फरसाणाच्या तीनशे, जेवणाच्या साडेसातशे धरल्या तरी दिवसाचा आकडा १,७०० च्या पुढे जातो. तिच्या शरीराची रोजची गरज साधारण १,८५० आहे. म्हणजे दिवसभर भूक मारूनही तूट पडली शंभर-सव्वाशेची, आणि ती रविवारच्या एका हॉटेलच्या जेवणात भरून निघते.

हे तिच्या निश्चयाचं अपयश नाही. बारा तास उपाशी ठेवलेलं शरीर संध्याकाळी वसुलीला येतं, आणि तेव्हा समोर जे सगळ्यात तळलेलं आणि सगळ्यात जवळ असेल तेच खाल्लं जातं. कामाच्या रगाड्यात वजन कमी करू पाहणाऱ्या बहुतेकांचं गणित इथे चुकतं: ते दिवसा फार कमी खातात.

गैरसमज: मी तर काहीच खात नाही, तरी वजन उतरत नाही

असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. पण खाल्लेलं मोजायला आपण सगळेच कच्चे असतो. १९९२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांचा एक अभ्यास आला. आपण १,२०० कॅलरींपेक्षा कमी खातो आणि तरी बारीक होत नाही, अशी तक्रार असलेली ही माणसं होती. शरीर प्रत्यक्षात किती ऊर्जा वापरतं हे अचूक पद्धतीने मोजलं, तेव्हा त्यांचं चयापचय अगदी व्यवस्थित निघालं. खाणं मात्र त्यांनी सरासरी ४७ टक्के कमी सांगितलं होतं आणि हालचाल ५१ टक्के जास्त.

आपल्याकडे ही गळती बहुधा तेलातून आणि उभ्याउभ्या खाण्यातून होते. तेलाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी असतात, पिठाच्या किंवा डाळीच्या कर्बोदक-प्रथिनांत ४. भाजीच्या फोडणीत एक मोठा चमचा तेल जास्त पडलं की सव्वाशे कॅलरी वाढल्या, आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. मीटिंगमधली दोन बिस्किटं, कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक, मुलाच्या ताटात उरलेला घास हे जेवणात धरलेच जात नाहीत. आठवडाभर हे सगळं खाल्ल्या खाल्ल्या लिहून ठेवलं तर बरंच काही उलगडतं. आयुष्यभर कॅलरी मोजत बसावं असं मी कोणालाही सुचवणार नाही, पण एक आठवडा मोजावंच.

गैरसमज: बाईने १,२०० कॅलरी खाव्यात

या आकड्याला शंभराहून जास्त वर्षं झाली. लॉस एंजेलिसच्या डॉक्टर लुलू हंट पीटर्स यांनी १९१८ साली कॅलरी मोजून खाण्यावर एक पुस्तक लिहिलं. ते अमेरिकेत प्रचंड खपलं आणि बायकांसाठी १,२०० हा आकडा लोकांच्या डोक्यात बसला. आज मोबाइलमधली ॲप्ससुद्धा हाच आकडा पुढे करतात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार बैठं काम करणाऱ्या ५५ किलो वजनाच्या भारतीय स्त्रीची गरज दिवसाला १,६६० कॅलरी आहे आणि ६५ किलोच्या पुरुषाची २,११०. उभ्याने किंवा फिरतीचं काम असेल तर हे आकडे अनुक्रमे २,१३० आणि २,७१० होतात. नर्स, दुकानातली विक्रेती, दिवसभर साइटवर असणारा इंजिनिअर यांनी बैठ्या माणसाचा आहार उचलला तर त्यांची दमछाक होणारच.

आपल्या डोंबिवलीच्या बाईने नुसतं झोपून राहायचं ठरवलं तरी हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडं चालवायला तिच्या शरीराला सुमारे १,३३० कॅलरी लागतात. त्याहून कमी खाऊन वर लोकलची गर्दी, ऑफिस आणि घर असं सगळं ओढायचं, हे फार दिवस चालत नाही. गरजेपेक्षा तीनशे ते पाचशे कॅलरी कमी, एवढीच तूट तिला पुरेशी आहे. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. रोज ३५० ची तूट ठेवली तर महिन्याला सव्वा ते दीड किलो उतरतं. ऐकायला ते कमी वाटतं, पण वर्षभरात ती जवळपास उद्दिष्टाला पोचते.

पहिल्याच आठवड्यात तीन किलो उतरवणारे आहार असतात, हे खरं आहे. त्यातलं बरंचसं पाणी असतं. स्नायूंमध्ये आणि यकृतात साठवलेल्या ग्लायकोजेनबरोबर, म्हणजे साखरेच्या साठ्याबरोबर, त्याच्या तिप्पट वजनाचं पाणी धरून ठेवलेलं असतं. साठा संपला की ते जातं, आणि पहिल्या भरपेट जेवणानंतर परत येतं.

गैरसमज: फार कमी खाल्लं की शरीर चरबी साठवू लागतं

हा दुसऱ्या टोकाचा समज. जिममध्ये तो सर्रास ऐकू येतो आणि तोही खरा नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धानंतर युरोपातल्या उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं, हे शोधायचं होतं. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले हे तरुण स्वेच्छेने प्रयोगात आले होते. चोवीस आठवडे त्यांना रोज सरासरी १,५७० कॅलरी दिल्या, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या खाण्याच्या निम्म्याच्या आसपास. त्यांचं सरासरी चतुर्थांश वजन गेलं. चरबी साठली नाही, उतरतच गेली.

पण त्यांचं काय झालं तेही वाचण्यासारखं आहे. चयापचय खूप मंदावलं. उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजे. चिडचिड वाढली, कशातही लक्ष लागेना, अनेकांना जेवणाशिवाय दुसरा विषय सुचेना, काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसत. प्रयोग संपल्यावर काहींचं खाणं अनेक आठवडे आवरेना. आणि वजन परत येताना चरबी आधी भरली, स्नायू मागाहून.

ऑफिसात दुपारनंतर एकच मेल तीनदा वाचावा लागतो, सहकाऱ्यावर उगाच आवाज चढतो, संध्याकाळी जिना चढवत नाही, हे पाहून आपण स्वतःला आळशी म्हणतो. आधी दुपारी काय खाल्लं होतं ते आठवून पाहावं. भराभर वजन उतरवणाऱ्यांचे केस दोन-तीन महिन्यांनी झडू लागतात, बायकांची पाळी मागेपुढे होते किंवा थांबते, पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. अशा शरीरातून अर्धा डबा काढून घेणं मला अन्यायाचं वाटतं.

गैरसमज: काटा खाली आला म्हणजे चरबी गेली

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच आहे, आणि भारतीयांना तो जास्तच महाग पडतो.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले मधुमेह-संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांचं एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, अगदी सारखा. पण यडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आत चरबी जास्त आणि स्नायू कमी, अशी आपली घडण असते. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांमध्येही ती दिसते, हे याज्ञिकांच्याच गटाने दाखवून दिलं आहे. स्नायू हे रक्तातली साखर खपवणारं सगळ्यात मोठं कोठार असल्यामुळे मधुमेहाशी याचा थेट संबंध येतो.

आता अशा माणसाने एकदम खाणं तोडलं, प्रथिनं घेतलीच नाहीत आणि व्यायामही केला नाही, तर उतरलेल्या वजनात स्नायूंचा वाटा मोठा असतो. जे आधीच कमी आहे तेच पुन्हा कमी होतं. काटा मात्र पाठ थोपटतो.

झोपेचाही यात हात आहे, आणि कामात बुडालेल्या माणसाने ही बाजू नीट समजून घ्यावी. शिकागोच्या संशोधकांनी २०१० साली दहा जाड व्यक्तींना एकाच आहारावर दोन आठवडे साडेआठ तास झोपेची मुभा दिली आणि दुसऱ्या वेळी दोन आठवडे साडेपाच तासांची. दोन्ही वेळा वजन सुमारे तीन किलोच उतरलं. पण पुरेशा झोपेत त्यातली १.४ किलो चरबी होती आणि अपुऱ्या झोपेत फक्त ०.६. बाकी गेलं ते चरबीखेरीजचं वजन. अभ्यास छोटा आहे. तरी रात्री एक वाजेपर्यंत लॅपटॉप आणि पहाटे साडेपाचला जिम असा दिनक्रम आखण्याआधी हे आकडे माहीत असावेत.

स्नायू टिकवायला दोन गोष्टी लागतात. आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचा व्यायाम, मग तो वजनं उचलून असो की घरातल्या उठाबशांनी, आणि पुरेशी प्रथिनं. निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोमागे किमान ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. वजन उतरवताना एक ग्रॅम किंवा त्याहून थोडी जास्त असलेली बरी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा.

गैरसमज: दर दोन तासांनी खाल्लं की चयापचय वाढतं, किंवा दोनदाच जेवलं की चरबी जळते

महाराष्ट्रात यावर घराघरांत तट पडलेले आहेत. दिवसातून दोनदाच जेवा, हा डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा आग्रह, आणि थोडं थोडं पण वेळच्या वेळी खा, हा ऋजुता दिवेकरांचा. अन्न पचवायला लागणारी ऊर्जा दिवसभरात एकूण काय आणि किती खाल्लं त्यावर ठरते. त्याचे दोन भाग केले की सहा, याने तिच्यात फारसा फरक पडत नाही. दोन जेवणांत ज्याला पुरेसं खाता येतं आणि मधे भूक छळत नाही, त्याने तसं करावं. दुपारचं जेवण ज्याच्या हातातच नसतं, त्याच्यासाठी चार वेळा बरं. रात्रीच्या वाटीभर भातात दीड-पावणेदोनशे कॅलरी असतात, सूर्य मावळल्यावर त्या वाढत नाहीत. उपासाचं म्हणाल तर साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्यात प्रथिनं नाहीतच. खिचडीला जे थोडंफार बळ आहे ते दाण्याच्या कुटाचं.

गैरसमज: पुरेसं आणि नीट खायला माझ्याकडे वेळ नाही

वेगळा स्वयंपाक करायचा असता तर खरोखरच वेळ मिळाला नसता. पण त्याच बाईचा तोच दिवस थोडा हलवून पाहा. सकाळी दोन अंड्यांचं ऑम्लेट, एक पोळी, चहा: साडेतीनशे. अंडं चालत नसेल तर रात्री वाटून ठेवलेल्या मुगाची दोन धिरडी. मधे एखादं फळ. दुपारी पूर्ण डबा, दोन पोळ्या, वाटीभर मटकीची उसळ, कोशिंबीर, छोटी वाटी दही: पाचशे. ऑफिसातून निघण्याआधी साडेपाच-सहाला फुटाणे आणि शेंगदाणे मिळून मूठ-दीड मूठ: एकशे ऐंशी. रात्री एक ज्वारीची भाकरी, वरण आणि भाजी: चारशे. बेरीज १,५०० च्या आसपास, प्रथिनं साठ ग्रॅमच्या घरात. आधीच्या दिवसापेक्षा दोन-अडीचशे कॅलरी कमी, आणि उपाशीपोटी काढलेला एकही तास नाही.

यात सगळ्यात मोलाची आहे ती निघण्याआधीची मूठ. ती खाल्ली की स्टेशनबाहेरचा वडापाव रोजचा न राहता कधीतरीचा होतो, आणि घरी आल्यावर फरसाणाचा डबा उघडायची घाई राहत नाही. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये फुटाण्यांची बरणी ठेवायला वेळ लागत नाही. उसळीसाठी रविवारी किलोभर मटकी-मूग भिजवून मोड आणले, तर फ्रिजमध्ये तीन-चार दिवस सहज पुरतात. कँटीनवरच भिस्त असेल तर थाळीतलं वरण दोन वाट्या मागावं, दही वेगळं घ्यावं, आणि पुरी-पापड सोडायचे असतील तर ते सोडावेत, जेवणच सोडू नये.

मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण टाळलं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. त्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, तसंच खाण्यावरून स्वतःला शिक्षा करायची सवय ज्यांना पूर्वी जडली होती त्यांनी, डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञाशी बोलल्याशिवाय कॅलरी कमी करू नयेत. दिवसाला आठशे कॅलरींच्या आतले आहार तर डॉक्टरांच्या देखरेखीतच घ्यायचे असतात.

आणि मार्चअखेर, ऑडिट, प्रोजेक्ट डिलिव्हरी, रात्रपाळी असे आठवडे येतातच. त्या आठवड्यांत तूट ठेवू नका. गरजेइतकं, म्हणजे आपल्या बाईने १,८५० च्या आसपास, खुशाल खावं, डबा पूर्ण संपवावा आणि वजन आहे तिथेच धरून ठेवावं. दोन आठवडे काटा हलला नाही तरी काही बिघडत नाही. काम ओसरलं की पुन्हा तीनशे-साडेतीनशे कमी करायला सुरुवात करता येते.