प्रकाशलहरींचे मोजमाप

लाल प्रकाशाच्या लागोपाठच्या दोन तरंगशीर्षांमधील अंतर, म्हणजेच त्याची तरंगलांबी, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. इतकी सूक्ष्म लांबी कोणत्याही पट्टीने मोजता येणार नाही, हे उघड आहे. तरीही टॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०१ साली ती निश्चित केली. त्यासाठी त्याने प्रकाशाच्या ज्या गुणधर्माचा आधार घेतला, त्याला व्यतिकरण असे म्हणतात.

शांत तळ्यात दोन ठिकाणी एकदम खडे टाकले, तर दोन्हीकडून निघालेल्या लहरी एकमेकींत मिसळतात. जेथे शीर्षावर शीर्ष येते तेथे पाणी अधिक उसळते. जेथे शीर्ष आणि गर्त यांची गाठ पडते तेथे ते जवळजवळ स्थिर राहते. प्रकाश तरंगरूप असेल, तर प्रकाशात प्रकाश मिसळल्याने काही ठिकाणी अंधार निर्माण झाला पाहिजे. प्रत्यक्षात तसेच घडते.

एका अरुंद फटीतून आलेला एकरंगी प्रकाश पुढे जवळजवळ असलेल्या दोन फटींतून पडद्यावर पडू दिला की, तेथे तेजस्वी व काळे पट्टे आळीपाळीने उमटतात. पडद्याचा मध्य दोन्ही फटींपासून सारख्याच अंतरावर असल्यामुळे तेथे तेजस्वी पट्टा दिसतो. मध्यापासून बाजूला जावे तसतसा दोन मार्गांच्या लांबीत फरक पडत जातो. हा फरक अर्ध्या तरंगलांबीइतका झाला की काळा पट्टा येतो, आणि पूर्ण तरंगलांबीइतका झाला की पुन्हा तेजस्वी.

भूमितीवरून असे दाखविता येते की, पडद्याचे अंतर दोन फटींमधील अंतराच्या जितके पट असेल, तितकेच पट पट्ट्यांमधील अंतर तरंगलांबीच्या असते. समजा, फटींमध्ये अर्धा मिलिमीटर अंतर आहे आणि पडदा एक मीटर दूर आहे. म्हणजे हे प्रमाण २००० पट झाले. पहिल्या तेजस्वी पट्ट्यापासून अकराव्यापर्यंतचे अंतर १२ मिलिमीटर भरले, तर लागोपाठच्या दोन पट्ट्यांमध्ये १.२ मिलिमीटर अंतर आहे. त्यास २००० ने भागले की ०.०००६ मिलिमीटर ही तरंगलांबी मिळते. हा प्रकाश नारिंगी होय. एकाऐवजी दहा अंतरे एकदम मोजल्याने मापनातील चूकही दहा ठिकाणी विभागली जाते.

दोन फटींची ही रचना यंगने १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत वर्णिली. १८०१ मधील त्याचे आकडे मात्र न्यूटनच्याच मापनांवरून काढलेले होते. दोन भिंगे एकमेकांवर टेकविली असता मधल्या हवेच्या पातळ थरामुळे जी रंगीत वलये दिसतात, ती न्यूटनने अतिशय काळजीपूर्वक मोजली होती. परंतु प्रकाश कणांचा बनलेला आहे, असे त्याचे मत होते. यंगने त्याच मोजमापांचा अर्थ तरंगांच्या साहाय्याने लावला. एका इंचात वर्णपटाच्या लाल टोकाचे सुमारे ३७,६४० व जांभळ्या टोकाचे ५९,७५० तरंग मावतात, असे त्याने दाखविले. आधुनिक मूल्यांशी हे आकडे चांगले जुळतात. तरीही न्यूटनच्या नावाचा दरारा एवढा होता की, १८०३ साली 'एडिंबरो रिव्ह्यू'मध्ये हेन्री ब्रूम याने यंगवर कडवट टीका केली. पुढे फ्रान्समध्ये फ्रेनेलच्या संशोधनामुळे तरंगवादाला मान्यता मिळाली.

एकदा तरंगलांबी अचूक मोजता येऊ लागल्यावर तिच्याकडेच मोजपट्टीचे काम आले. १८९२-९३ मध्ये पॅरिसजवळील सेव्र येथे मायकेलसनने व्यतिकरणाच्या साहाय्याने प्रमाण मीटर मोजला. त्यात कॅडमियमच्या लाल प्रकाशाचे १५,५३,१६३.५ तरंग भरले. १९६० साली मीटरची व्याख्याच क्रिप्टॉनच्या नारिंगी प्रकाशाच्या १६,५०,७६३.७३ तरंगलांबी अशी करण्यात आली. १९८३ पासून ती प्रकाशाच्या वेगावर आधारलेली आहे.