किल्लारीचा भूकंप 29 सप्टेंबरचा की 30 चा? वेबसाइटच्या कोडमध्ये हाच घोळ रोज होतो

30 सप्टेंबर 1993. लातूर-धाराशिवकडच्या माणसाला ही तारीख वेगळी सांगावी लागत नाही. आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून गावं झोपली होती आणि पहाटे 3:56 च्या सुमारास किल्लारीची जमीन हादरली. जवळपास 10 हजार माणसं गेली.

पण अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याची नोंद उघडली, तर तिथं तारीख दिसते 29 सप्टेंबर.

चूक कुणाचीच नाही. ती नोंद यूटीसी या जागतिक वेळेत आहे आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढं आहोत. किल्लारीत पहाटेचे चार वाजत आले होते, तेव्हा यूटीसीत रात्रीचे साडेदहाही झाले नव्हते. थोडक्यात, मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत यूटीसीत कालचीच तारीख असते.

हा घोळ टाळायला कॉम्प्युटर टाइमस्टॅम्प वापरतो. 1 जानेवारी 1970 ला यूटीसीत रात्रीचे 12 वाजले, तिथून किती सेकंद झाले तो आकडा. भूकंपाची वेळ 3:56 धरली तर 749341560. नांदेडमध्ये बघा नाहीतर न्यूयॉर्कमध्ये, आकडा तोच.

आत्ताची वेळ घ्यायला पीएचपीत 'टाइम' हे फंक्शन आहे, ते सेकंद देतं. जावास्क्रिप्टमधलं 'डेट डॉट नाऊ' मात्र मिलिसेकंद देतं. वरचा आकडा 1000 ने न गुणता जावास्क्रिप्टला दिला, तर भूकंप थेट 9 जानेवारी 1970 ला जाऊन बसतो! साइटवर अचानक 1970 साल दिसलं की बहुतेकदा हेच झालेलं असतं.

खरा त्रास पुढे आहे. बरेच जण तारखेसाठी 'टू आयएसओ स्ट्रिंग' वापरतात आणि ते यूटीसीतली तारीख देतं. आता समजा, नांदेडच्या एखाद्या पोरानं रात्री एक वाजता परीक्षेचा फॉर्म भरला. पावतीवर तारीख येणार कालची. मुदत आदल्या रात्रीच संपली असेल, तरी त्याचा फॉर्म वेळेत धरला जाईल. हे नशीब म्हणायचं की बग, तुम्हीच ठरवा.

आणि ब्राउझरमधलं 'डेट डॉट नाऊ' मोबाइलच्या घड्याळावर विश्वास ठेवतं. पोरानं घड्याळ मागं केलं की मुदत वाढली. म्हणून मुदतीचा प्रश्न असेल तिथं वेळ सर्व्हरचीच घ्यायची, आकडा तसाच साठवायचा आणि दाखवताना 'एशिया/कोलकाता' हा टाइमझोन लावायचा. यादीत 'एशिया/मुंबई' शोधू नका, ते नाहीये.