पडद्यावरचं अंग आणि पाठीवरचं ओझं



मागच्या महिन्यात आम्ही एका गटाच्या बैठकीला गेलो होतो. हप्ते गोळा झाले, वहीत नोंदी झाल्या, चहा आला. तेव्हा एक ताई म्हणाल्या, "सुट्टीला भाचा आला होता. कॉम्प्युटरवर गेम खेळत बसायचा. त्यात त्यानं एक बाई बनवली, उंच आणि चांगली जाडजूड. मी म्हटलं, बनवायचीच तर जरा सडपातळ बनव की! तर म्हणतो कसा, मावशी, ही जाड आहे म्हणून तर सगळ्यांचं सामान उचलते. बारकी केली तर ओझ्यानं वाकेल. हे खरं असतं का हो?"

सगळ्या हसल्या. पण कोपऱ्यात बसलेल्या दुसऱ्या ताई हसल्या नाहीत. त्या हळूच म्हणाल्या, "माझ्या नववीतल्या मुलीला शाळेत भोपळा म्हणतात. अर्धी भाकरी ताटात ठेवून उठते ती."

त्या दोन बोलण्यांमुळे आजचा विषय निघाला. गेममध्ये माणसाच्या अंगाचा, म्हणजे उंचीचा आणि वजनाचा, हिशोब कसा लावतात? तो कोण लावतं? आम्ही खेळणाऱ्या मुलामुलींकडून समजून घेतलं, थोडं वाचलं. ते आज सांगतो.

आधी हे गेम कसले ते पाहू. आपल्याकडे बहुरूपी येतो. आज पोलीस, उद्या साधू. जे सोंग घेतलं त्याच्यासारखं तो बोलतो, चालतो. हे गेम तसेच. आपण एक माणूस घडवायचा आणि त्याचं सोंग घेऊन एका काल्पनिक मुलखात फिरायचं. तिथं राक्षस असतात, जादू असते, आग ओकणारे अजगर असतात. आपला माणूस लढतो, चीजवस्तू गोळा करतो, हळूहळू ताकदवान होतो. सुरुवातीलाच विचारतात, बाई की पुरुष, रंग कोणता, उंची किती, अंग कसं.

आता मुद्द्याची गोष्ट. पडद्यावर आपल्याला माणूस दिसतो, पण आत सगळी आकडेमोड असते. आपल्या गटाच्या खतावणीत जशी प्रत्येकीची बचत, कर्ज, व्याज लिहिलेलं असतं, तशी गेमच्या आत प्रत्येक माणसाची खतावणी असते. ताकद इतकी, दम इतका, उचलायची मर्यादा इतकी. पडद्यावर अंग जाड दिसलं तरी खतावणीत त्याची नोंद असेलच असं नाही. नोंद ठेवायची की नाही, हे गेम बनवणारे ठरवतात.

अमेरिकेतल्या बेथेस्डा कंपनीचा स्कायरिम नावाचा प्रसिद्ध गेम आहे, 2011 सालचा. त्यात आपला माणूस किडकिडीत करायचा की भरदार, यासाठी एक पट्टी असते. ती इकडून तिकडे सरकवा, फरक फक्त दिसण्यात पडतो. सुरुवातीला ओझं उचलायची मर्यादा सगळ्यांना सारखीच, 300. काडीसारख्या बाईला 300 आणि पैलवानालाही 300. पुढे दम वाढवत गेलं की मर्यादा वाढते. म्हणजे तिथं अंगाची जाडी हा नुसता देखावा.

भाचा खेळत होता तो गेम मात्र वेगळा. त्याचं नाव ड्रॅगन्स डॉग्मा. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं तो 2012 साली काढला. त्याची गोष्ट मच्छीमारांच्या एका गावात सुरू होते. एक अवाढव्य ड्रॅगन येतो आणि आपल्या माणसाचं काळीज काढून नेतो. काळीज नसूनही तो जगतो आणि त्या ड्रॅगनच्या मागावर निघतो. या गेममध्ये उंची आणि वजन दोन्हींची नोंद आतल्या खतावणीत होते.

ओझ्याचा हिशोब ऐका. ज्याचं वजन 50 किलोच्या आत, तो 40 किलोपर्यंत सामान नेऊ शकतो. 50 ते 69 किलोचा माणूस 50 किलो नेतो. 70 ते 89 वाला 65 किलो, 90 ते 109 वाला 75 किलो. आणि 110 किलोच्या वरचा माणूस थेट 100 किलो नेतो. तलवार, चिलखत, औषधी पाला, खाण्याचं सामान, प्रत्येक वस्तूला वजन असतं. ओझं मर्यादेजवळ गेलं की पाय जड होतात, दम लवकर जातो. मर्यादा ओलांडली तर पळणंच बंद, नुसतं पाय ओढत चालायचं. डोक्यावर मोळी घेऊन चढ चढलेल्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग सगळेच जाडजूड माणूस का बनवत नाहीत? कारण वजनाला दुसरी बाजूही आहे. या गेममध्ये पळताना, मोठ्या राक्षसाच्या अंगावर चढताना दम खर्च होतो. हलक्या माणसाचा दम लवकर भरून येतो, जड माणसाला वेळ लागतो. पण मोठ्या पंखाच्या राक्षसानं वाऱ्याचा झोत सोडला, तर हलका माणूस आधी उडतो आणि जड माणूस पाय रोवून उभा राहतो. उंचीचंही तसंच. उंच माणसाची ढांग लांब पडते, म्हणून तो भरभर पळतो. त्याचा हात लांब पोचतो, म्हणून तलवारही लांब पोचते. ठेंगण्याला ते जमत नाही, पण जिथं उंच माणूस अडतो अशा अरुंद भोकातून ठेंगणा आत शिरू शकतो.

म्हणजे प्रत्येक अंगाला काहीतरी मिळतं आणि प्रत्येकाला काहीतरी मोजावं लागतं. आणि एक लक्षात घ्या, बाई आहे म्हणून या गेममध्ये ताकदीचे गुण कमी नाहीत. एकाच उंचीच्या, एकाच वजनाच्या बाईला आणि पुरुषाला उचलायची मर्यादा सारखीच.

आणखी एक गंमत. या गेममध्ये आपण एकटे नसतो, चौघांची टोळी असते. एक आपण, एक आपणच घडवलेला सोबती, आणि दोन सोबती जे दुसऱ्या खेळणाऱ्यांनी घडवलेले असतात. या सोबत्यांना पॉन, म्हणजे बुद्धिबळातलं प्यादं, असं म्हणतात. आता हुशार खेळणारा काय करतो? स्वतःला हलकं ठेवतो, म्हणजे राक्षसाच्या अंगावर चढता येतं. आणि एक सोबती भरभक्कम घेतो, म्हणजे सामान त्याच्याकडे देता येतं. भाच्यानं बनवलेली जाडजूड बाई ही अशी होती. तिच्या जिवावर टोळी चालत होती. 2024 साली या गेमचा दुसरा भाग आला. त्यातही वजनाप्रमाणे ओझ्याची मर्यादा ठरते.

आता तिसरा प्रकार. इंग्लंडच्या लायनहेड कंपनीचा फेबल नावाचा गेम होता, त्याचा दुसरा भाग 2008 साली आला. त्यात खाण्याची नोंद ठेवली जाते. मांसाचे सामोसे म्हणा, पाय म्हणतात त्यांना, असलं खात राहिलं की आपला माणूस लठ्ठ होतो. सेलरी नावाची भाजी खाल्ली की उतरतो. आणि लठ्ठ झाला की त्या मुलखातल्या लोकांच्या नजरेत तो कमी देखणा ठरतो. अंगात ताकद वाढवली तर बाईचेही खांदे रुंद, दंड जाड होतात. म्हणजे इथं अंगाची नोंद झाली ती लोक काय म्हणतील या रकान्यात. हा रकाना आपल्या ओळखीचा आहे. मुलगी बघायला आलेले पाहुणे तोच उघडून बसतात.

तीन गेम, तीन नियम. पहिल्यात जाडी म्हणजे नुसता देखावा. दुसऱ्यात जाडी म्हणजे ओझं पेलायची ताकद आणि उशिरा भरून येणारा दम. तिसऱ्यात जाडी म्हणजे लोकांचे टोमणे. अंग तेच, पण नियम लिहिणारा बदलला की त्याची किंमत बदलली.

हे नियम कसे बदलतात, याची एक खरी गोष्ट सांगतो. कॉम्प्युटरच्या आधी हे खेळ टेबलाभोवती बसून, कागद-पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचे. त्यातला मूळ खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघा अमेरिकन माणसांनी 1974 साली छापला. पुढं 1978 साली त्याच्या मोठ्या आवृत्तीचं नियमांचं पुस्तक आलं. त्यात ताकदीचा तक्ता होता. ताकदीचे गुण 18 पर्यंत. लढवय्याला 18 मिळाले तर त्याच्यावर आणखी 1 ते 100 अशी चढण. माणूस जातीच्या पुरुषाला ही चढण 100 पर्यंत मोकळी. बाईला मात्र 50 वर थांबायचं. हाफलिंग म्हणून वामनासारखे ठेंगणे लोक त्या खेळात असतात. त्यांच्या पुरुषाला जास्तीत जास्त 17 गुण आणि बाईला 14. बघा मैत्रिणींनो, ज्या खेळात ड्रॅगन उडतो, जादूनं माणूस अदृश्य होतो, तिथं सगळं चालतं. पण बाईची ताकद पुरुषाएवढी झालेली चालत नव्हती.

हा तक्ता काही दगडावर कोरलेला नव्हता. 1989 साली नियमांची नवी आवृत्ती आली, तेव्हा बाईवरची ती मर्यादा काढून टाकली. खेळ बुडाला नाही, उलट आजही जोरात चालतो.

ठेंगण्यांचंही तसंच झालं. 2014 च्या नियमांत ठेंगण्या जातीच्या माणसानं अवजड तलवार घेतली, तर त्याला फासा दोनदा टाकावा लागे आणि त्यातला कमी आकडा धरला जाई. त्याच्या अंगात ताकद कितीही असो, ठेंगणा म्हणजे ठेंगणाच. 2024 च्या नियमांत हे बदललं. आता अवजड तलवार घेताना उंची विचारत नाहीत, ताकदीचे गुण 13 आहेत का ते पाहतात. असतील तर ठेंगणाही ती तलवार बिनधास्त चालवतो. याच खेळावरून बेल्जियमच्या लॅरियन कंपनीनं 2023 साली बॉल्डर्स गेट 3 हा कॉम्प्युटर गेम काढला. त्यात हाफलिंग आपल्या एका पाळीत साडेसात मीटर चालतो, माणूस नऊ मीटर. टेबलावरच्या खेळात 2024 पासून हाफलिंगची चाल माणसाएवढी केली आहे.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या शिवारात 16 लिटरचा फवारणी पंप असतो. भरला की 16 किलो पाणी, वर पंपाचं स्वतःचं वजन. तो 45 किलोच्या बाईच्या पाठीवरही तेवढाच आणि 80 किलोच्या गड्याच्या पाठीवरही तेवढाच. पट्टा बाईच्या खांद्यावरून घसरतो, तेव्हा आपण म्हणतो, बाईमाणसाला जमत नाही. पण पंपाचं माप कुणाच्या अंगावरून घेतलं, हे आपण विचारत नाही. खेळ बनवणाऱ्यांनी निदान प्रत्येक वजनाला वेगळी मर्यादा आहे एवढं तरी मांडलं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. गेममधले आकडे खऱ्या शरीराला लावू नका. 110 किलोचा माणूस 100 किलो उचलतो हे पडद्यावर ठीक आहे. खऱ्या माणसाची ताकद कामाच्या सवयीवर, खाण्यावर, रक्तावर, झोपेवर ठरते. अंगात रक्त कमी असेल तर भरल्या अंगाच्या बाईलाही धाप लागते. वजन वाढल्याची किंवा घटल्याची काळजी वाटली तर आशाताईंना विचारा, आरोग्य केंद्रात तपासून घ्या.

पुढच्या वेळी घरातलं पोर गेम खेळत बसलं की नुसतं रागावू नका. घटकाभर शेजारी बसा आणि विचारा. यात जाड-बारीक असण्यानं काय फरक पडतो? बाई आणि पुरुषाला नियम सारखे आहेत का? सगळ्या बाया एकाच साच्यातल्या का दिसतात? पोरं आनंदानं सांगतात, कारण इतक्या आपुलकीनं त्यांना कुणी विचारलेलं नसतं. आणि सांगता सांगता त्यांच्याही ध्यानात येतं की हे सगळं कुणीतरी ठरवलेलं आहे.

त्या नववीतल्या मुलीच्या आईला आम्ही हेच सांगितलं. तुमच्या लेकीला भाच्याची ती जाडजूड बाई दाखवा, जिच्या पाठीवर टोळीचं सगळं सामान आहे. आणि शाळेतल्या बाईंना भेटून सांगा की वर्गात भोपळा म्हणणं बंद झालं पाहिजे. त्या ताई म्हणाल्या, "एकटीला जायला कसंतरी वाटतं." तेव्हा गटातल्या दोघीजणी म्हणाल्या, "सोमवारी आम्ही येतो बरोबर."

मैत्रिणींनो, तुमच्या घरातली पोरं काय सांगतात ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.